पुन्हा यामाहाच

नाशिकमध्ये ‘माझ्याकडे यामाहा आहे’ असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणत्या सालची?’ त्याच्या डोळ्यांसमोर आरएक्स 100 उभी राहिलेली असते. ती गाडी आपल्याकडे 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघाली. पण सातपूरपासून सिडकोपर्यंत अजून कितीतरी जण दर रविवारी ती पुसून घेतात आणि नुसती एक चक्कर मारायला बाहेर काढतात. मी गिटारबद्दल बोलतोय हे कळलं की मंडळींचा उत्साह मावळतो.

अंबडच्या एका गॅरेजवाल्याचा मात्र मावळला नाही. पंक्चर काढायला थांबलो होतो, पाठीला गिटारची बॅग. त्याने बॅगेवरचं चिन्ह बघितलं आणि म्हणाला, ‘काय भो, हे यामाहावाले गिटारी पण बनवता का?’ मी म्हटलं, दादा, आधी वाद्यंच बनवायचे, गाड्या नंतर आल्या. गाडीच्या टाकीवर जे चिन्ह असतं ना, ते एकमेकांवर ठेवलेले तीन नादकाटे आहेत. शाळेत आवाजाच्या प्रयोगाला रबरावर आपटायचो ते. मोटारसायकलची कंपनी 1955 साली वेगळी निघाली, पण चिन्ह तेच राहिलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘तरीच फायरिंग सुरात आहे.’

ही कंपनी सुरू कशी झाली ते आमच्या घरात सगळ्यांना आवडलं होतं, त्याला कारण आहे. तोराकुसू यामाहा हा जपानमधल्या हामामात्सू गावात वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. 1887 साली तिथल्या एका शाळेतला परदेशी रीड ऑर्गन बिघडला. याने तो उघडला, दुरुस्त केला, आणि आत काय असतं ते कळलंच आहे तर आपणच एक बनवू म्हणून बसला. बनवलेला ऑर्गन कावड करून खांद्यावरून हाकोनेच्या डोंगरापलीकडे टोकियोला नेला. अंतर सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे नाशिक-मुंबईच्या दीडपट. तिथल्या संगीतसंस्थेने वाजवून बघितला आणि सांगितलं, सूर जुळलेले नाहीत. हा तिथेच महिनाभर राहून स्वरजुळणी शिकला आणि परत जाऊन दुसरा ऑर्गन बनवला.

रीड ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात रंगमंचासमोर असायचा ना, पायाने भाता मारायचा, तोच. आमच्या आजोबांचं अर्धं आयुष्य त्या आवाजावर गेलं. त्यामुळे ‘इलेक्ट्रिक गिटार’ या प्रकाराला घरात जो विरोध व्हायचा तो ‘पायपेटीवाल्यांची कंपनी आहे’ एवढ्या एका वाक्यावर अर्धा झाला. मला स्वतःला त्या कथेत टोकियोतलं उत्तर सगळ्यात आवडतं. मी एका कारखान्यात क्वालिटीत आहे. माल रिजेक्ट झाल्याचा शेरा हातात पडल्यावर माणसं काय काय करतात हे मी रोज बघतो; तिथेच थांबून शिकणारा माणूस विरळा.

गिटार घेतली ती 2003 चा कुंभमेळा उरकल्यानंतर. इथली माणसं सालं अशीच मोजतात. त्याआधी कोलकात्याची एक साधी अकूस्टिक होती, तिच्या तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे ज्या पट्टीवर त्या दाबायच्या तिच्यापासून, इतक्या वर की बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायचा) धरला की अंगठ्याच्या मुळापर्यंत कळ जायची. देवळाली कॅम्पला एक सर शिकवायचे. त्यांनी एकदा माझा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, हात ठीक आहे, वाद्य बदल. मग बाबांबरोबर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई. व्हीटीला उतरून चालत धोबी तलाव, तिथे फुर्टाडोजसारखं 1865 पासूनचं दुकान, आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये आणखी बरीच. भिंतीवर टांगलेल्या गिटारींच्या किमतीच्या चिठ्ठ्या बाबा आधी वाचायचे, मी नंतर.

बाबा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. नोट छापताना एक रंग केसभर सरकला तरी अख्खा शीट बाजूला काढायचा, अशी सवय लागलेला माणूस. त्यांना संगीतातलं फारसं कळत नव्हतं, पण वस्तूतलं कळत होतं. दुकानदाराने पॅसिफिका 112 हातात दिल्यावर त्यांनी ती वाजवायला माझ्याकडे दिलीच नाही. आधी उलटी केली. नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे बॉडीच्या खाचेत बसतो त्या सांध्यावरून नख फिरवलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मग फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडांवरून अंगठा पार वरपर्यंत नेला. मग चारही स्क्रू बघितले. ‘ही घे,’ म्हणाले. शेजारी त्याच किमतीची, जास्त चकाकणारी, लाल रंगाची एक होती. माझा जीव तिच्यात होता. तिच्या सांध्यात बाबांचं नख अडकलं होतं.

पॅसिफिका ही यामाहाची 1990 साली निघालेली मालिका, आखणी कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या मंडळींची. 112 हे त्यातलं साधं, सामान्य मॉडेल. अल्डर लाकडाची बॉडी, मेपलचा नेक स्क्रूने जोडलेला, 22 फ्रेट. पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारे तुकडे, तीन: नेकजवळ आणि मधे सिंगल कॉइल, ब्रिजजवळ (तारांचं खालचं टोक बसतं तिथे) हंबकर. पोस्टरवर कोणी हिरो ती घेऊन उभा आहे असं मी तरी तेव्हा बघितलं नव्हतं. सत्तरच्या दशकात कार्लोस सँटाना यामाहाच्या एसजी वाजवायचा, हे खरं, पण ती वेगळी जात, वेगळी किंमत. आमच्या कॉलेजात गिटार म्हणजे एकतर फेंडर नाहीतर गिब्सन, आणि दोन्ही कोणाकडेच नव्हत्या. वाद मात्र रोज.

त्या वर्षांत आम्ही वाजवायचो जुन्या नाशकातल्या एका वाड्यात. ड्रमरचं घर. जाड मातीच्या भिंती, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार कमी, पण वायरिंग कुठल्या काळातलं कोण जाणे आणि अर्थिंग नावाची गोष्टच नाही. अ‍ॅम्प लावला की एक घुमारा सुरू व्हायचा आणि तो आम्ही थांबलो तरी थांबायचा नाही. सिंगल कॉइल पिकअपचं हे असंच आहे. चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात. तारेची थरथर त्यात वीज जागी करते, पण घरातल्या वायरिंगची थरथरही तो तितक्याच इमानाने पकडतो. आपली वीज 50 हर्ट्झची. बेस गिटारवरचा सर्वात खालचा जी हा सूर 49 हर्ट्झचा. म्हणजे आपल्याकडचा घुमारा हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाचच्या आसपास, जरा चढा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असते, तिथे हाच घुमारा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लटकतो, कोणाच्याच उपयोगाचा नाही. आमच्या वाड्यात मात्र जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जी वाजवला की तो 98 हर्ट्झचा सूर आणि घुमाऱ्याचा 100 हर्ट्झचा वरचा स्वर एकमेकांवर हेलकावे घ्यायचे, सेकंदाला दोन, सहज मोजता यायचे. ड्रमरची आई आत पोळ्या करताना म्हणायची, तंबोरा लागला वाटतं.

तेव्हा कळलं की असं साधं मॉडेल काय कामाचं असतं. गाणं साधं, स्वच्छ असेल तर नेकजवळचा सिंगल कॉइल. घुमारा थोडा सहन करायचा. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करायची युक्ती, लावायची वेळ आली की स्विच ब्रिजकडे टाकायचा. हंबकरमध्ये दोन कॉइल असतात, एकीचे फेरे दुसरीच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट, त्यामुळे तारेचा आवाज दोघींचा मिळून वाढतो आणि घुमारा एकमेकांत विरतो. गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनिअरने 1955 च्या सुमारास काढलेली ही युक्ती. अर्थिंग नसलेल्या वाड्यात बसून त्या माणसाचे आभार मानणारी मुलं जगात इतरत्रही असतील.

आणि लोडशेडिंग. 2005 नंतरची काही वर्षं ज्यांनी महाराष्ट्रात काढली त्यांना वेळापत्रक अजून पाठ असेल. वीज गेली की कीबोर्डवाला घरी जायचा, बेसवाला मिसळ खायला जायचा. मी तिथेच बसून बिनविजेची गिटार वाजवत राहायचो. इलेक्ट्रिक गिटारचा असा आवाज अगदी बारीक, डासांच्या वरताण फारसा नाही, पण बोटांना काही फरक पडत नाही. माझा निम्माअधिक रियाज असा मुका झाला. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे म्हणायचं आहे त्याचा याच्याशी संबंध आहे.

नोकरी लागली, पगार बरा झाला आणि मी पॅसिफिका विकून टाकली. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. एका ज्युनिअरला हवी होती, तो बंगळूरला चालला होता, त्याने रोख पैसे दिले आणि नीट वाजवली असणार. मला मोठ्या नावाची, जड महोगनीची, नेक चिकटवलेली अशी गिटार घ्यायची होती आणि मी ती घेतली. तिचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे ती असते त्यांचं तिच्यावर प्रेम असतं आणि ते प्रेम खरं असतं. आवाज तर असा की एक सूर लावून ठेवावा आणि चहा पिऊन यावं, तोवर तो टिकून असतो. सांभाळायची मात्र फार. तिरक्या डोक्याची ती गिटार भिंतीला टेकवून ठेवायची नाही, कारण पडली तर मानेत मोडते हे जगजाहीर. बॅग चालत नाही, कडक केस पाहिजे. केस दुचाकीवर नेता येत नाही, म्हणून रिक्षा. रिक्षा म्हणजे शालिमारपासून नाशिकरोडपर्यंत भाड्याची घासाघीस.

तरी हे सगळं मी वर्षानुवर्षं हौसेने केलं. अडचण दुसरीच होती, आणि ती कळायला मला माझ्याच धंद्यातली हत्यारं वापरावी लागली.

जुनी गाणी वाजवताना हात चुकायचा. फार नाही. पाचव्या फ्रेटच्या कॉर्डवर झेप घ्यायची तर बोट फ्रेटच्या मागे पडायच्या ऐवजी फ्रेटवरच जायचं आणि सूर घुसमटायचा. सवय होईल म्हणून सोडून दिलं, सवय झालीही, पण लक्ष दिलं तरच. डोळे मिटले, गप्पा मारल्या, समोर कोणी ओळखीचं दिसलं की हात पुन्हा जुन्या जागी. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी व्हर्निअर घेऊन बसलो. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची मोकळी लांबी: पॅसिफिकाची 648 मिलिमीटर, साडेपंचवीस इंच, फेंडरच्या घराण्याची. या नवीनची 628 च्या आसपास, पावणेपंचवीस इंच, गिब्सनच्या घराण्याची. एवढ्या फरकाने पहिला फ्रेट जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. पाचव्या फ्रेटपर्यंत पोचेतो तो फरक पाचेक मिलिमीटर होतो. आमच्या कारखान्यात पाच मिलिमीटर म्हणजे माल परत.

बोर्डाची गोलाईही बघा. फ्रेटबोर्ड सपाट नसतो, एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. जुन्या धाटणीच्या फेंडरमध्ये त्या वर्तुळाची त्रिज्या 184 मिलिमीटर, म्हणजे चांगलाच गोल. कॉर्ड आरामात धरता येतात, पण तार ओढून सूर वर न्यायला गेलं की वर जाऊन दबते. गिब्सनमध्ये 305. पॅसिफिकामध्ये 350, जवळजवळ सपाट. नटजवळ रुंदी 41 मिलिमीटर, नेक पातळ. हे आकडे मी कॉलेजात असताना मला कोणी सांगितले असते तर मी कंटाळून उठलो असतो. पण अंधारात, बिनविजेच्या तारांवर तासन्‌तास बसून माझ्या डाव्या हाताने हेच आकडे पाठ केले होते.

गिटारवाल्यांचे वाद ऐकले तर सगळे आवाजावर असतात. अल्डर की महोगनी, हे मॅग्नेट की ते. मला त्यात फार तथ्य दिसत नाही, निदान आमच्यासारख्यांच्या बाबतीत. अ‍ॅम्प बदला, स्पीकर बदला, आवाज पूर्ण बदलतो. गणपतीत मंडपाच्या कर्ण्यातून बाहेर पडल्यावर तर पाच हजारांची आणि पाच लाखांची गिटार एकाच पातळीवर येतात, आणि शेजारी नाशिक ढोल सुरू झाला की दोन्ही ऐकू येत नाहीत. कानाला पटकन फसवता येतं. डाव्या हाताला नाही. तो ब्रँड ओळखतो तो नेकच्या आकारावरून. म्हणून माझं मत असं झालं आहे की एखाद्या कंपनीवर निष्ठा असणं हे बाकी कशात असेल-नसेल, गिटारमध्ये रास्त आहे. दहा वर्षांनी त्याच नावाची, त्याच मॉडेलची, वेगळ्या देशातल्या कारखान्यातून आलेली गिटार हातात घ्यावी आणि पाचवा फ्रेट जागच्या जागी असावा, एवढंच तर मागणं आहे. क्वालिटीतल्या माणसाला याहून मोठी शाबासकी देता येत नाही.

दुसरी पॅसिफिका मिळाली ती गंगापूर रोडवर. एक मुलगा शिकायला जर्मनीला चालला होता, सामान काढत होता. 112 व्ही, इंडोनेशियात बनलेली, रंग निळा. दिवाळीनंतरची गारठ्याची संध्याकाळ, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे स्टुलावर बसलो. मुलगा म्हणाला, ‘काका, वर अ‍ॅम्प आहे, लावून बघा ना.’ मी म्हटलं, राहू दे. तशीच वाजवली. पहिला कॉर्ड धरला, मग पाचव्या फ्रेटवर झेप, मग बाराव्यावर, तिकडे न बघता, त्याच्याशी त्याच्या व्हिसाबद्दल बोलत बोलत. बोटं पडली ती बरोबर पडली. मग उलटी करून नेकच्या सांध्यावरून नख फिरवलं. मुलाला वाटलं मी भाव पाडायला खोट काढतोय. त्याने आपणहून हजार रुपये कमी केले. मी नको म्हटलं नाही.

या नवीनमध्ये एक सोय जास्त आहे: टोनचा नॉब वर ओढला की ब्रिजच्या हंबकरची एकच कॉइल चालू राहते, म्हणजे त्याच जागी सिंगल कॉइलसारखा किरकिरा, चमकदार आवाज मिळतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला हे वरदान आहे. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम म्हणजे एकाच गिटारवाल्याने एका गाण्यात मेंडोलिनचा तुकडा उचलायचा, दुसऱ्यात नुसती लय धरायची, तिसऱ्यात डिस्टॉर्शन लावून उड्या मारायच्या, आणि मधे गायकाची ओळ चुकली तर ती भरून काढायची. जुन्या ऑर्केस्ट्रांमध्ये तर मांडीवर हवाईयन गिटार घेऊन बसणारा वेगळा माणूस असायचा. आता त्याचंही काम आमच्याकडे. अशा वेळी एका आवाजाची, फार मोठ्या स्वभावाची गिटार अडचणीची ठरते. महाकवी कालिदास कलामंदिरात एका कार्यक्रमाला दोन गिटार नेऊन मी हे अनुभवलं आहे: दर गाण्याला एक काढ, दुसरी घाल, पट्टा अडक, वायर बदल. निवेदिका बिचारी किती वेळ शेर सांगणार?

महोगनीवाली गेली. दुसऱ्या एका हौशी माणसाकडे, चांगल्या घरात.

नाशिकच्या हवेत गिटार सांभाळणं म्हणजे दोन ऋतूंचं काम आहे. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी ठणठणीत होते, फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट मात्र आहेत तेवढेच राहतात, आणि त्यांची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन तळहाताला टोचायला लागतात. जुलैत गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, पाणी नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत पोचणार का अशी चर्चा सुरू झाली, की तेच लाकूड फुगतं आणि टोकं पुन्हा आत. नेकची कमान पण हलते. मी कारखान्यातलं फिलर गेज वापरतो (आमच्या स्टोअरवाल्याने हे वाचू नये). पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची, म्हणजे ती तारच सरळ पट्टी होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मधे किती फट आहे ते गेजने बघायचं. पाव मिलिमीटर असली की मी खूष. जास्त असेल तर नेकच्या आत सळई असते, तिचा नट अ‍ॅलन कीने पाव फेरा आवळायचा, तार पुन्हा सुरात आणायची, आणि उद्या परत बघायचं. घाई करायची नाही. लाकडाला वेळ द्यावा लागतो हे मला वडनेरच्या एका सुतारकाकांनी सांगितलं होतं, पाटाच्या संदर्भात.

फ्रेटबोर्डच्या काळपट लाकडाबद्दलही सांगायला हवं. माझा रोजवुडचा आहे, म्हणजे त्याच शिसवाच्या कुळातला, ज्याचे देव्हारे आणि झोपाळे जुन्या वाड्यांमध्ये अजून आहेत. आपल्या पश्चिम घाटात वाढतं ते शिसव आणि इंडोनेशियात सोनोकेलिंग म्हणतात ते, दोन्ही एकच झाड आहे. 2017 च्या सुरुवातीला या कुळातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली, तेव्हा जगभरचे गिटार बनवणारे हवालदिल झाले होते. 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या काळात मी सासुरवाडीच्या झोपाळ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचो. किती फ्रेटबोर्ड निघतील याचा हिशेब मनातल्या मनात झालाही होता. सासऱ्यांना सांगितला नाही.

मधल्या पिकअपची कॉइल एकदा तुटली. आवाजच बंद. मुंबईला पाठवायचं, नवीन मागवायचं, असे पर्याय होते. मी सातपूरला गेलो. तिथे मोटर वाइंडिंगची दुकानं पुष्कळ, पण पंप-पंख्यांची तार जाड. मला हवी होती 0.063 मिलिमीटरची, साधारण केसाएवढी. चौकशी करत करत रिलेच्या कॉइल गुंडाळणाऱ्या एका गृहस्थांकडे पोचलो. त्यांनी पिकअप चष्म्याजवळ धरून बघितला, ‘फेरे किती?’ विचारलं. साधारण 8 हजार, मी म्हटलं. ‘आणि हे कशासाठी?’ गिटारसाठी. त्यांनी तोपर्यंत काढलेला हातमोजा परत घातला आणि कामाला लागले. काउंटर टिकटिकत पुढे जात होता, एका बोटाने ते तारेला फक्त दिशा देत होते, दाबत नव्हते. झाल्यावर मीटर लावला, रीडिंग बघितलं आणि पैसे सांगितले ते इतके कमी की मीच वर दिले. तो पिकअप आता मूळच्यापेक्षा थोडा वेगळा बोलतो. जरा भरदार. बाकीच्यांना फरक कळत नाही, मला कळतो, किंवा मी सातपूरला गेलो होतो म्हणून मला कळतो असं वाटतं. वर मी म्हटलंच, कानाला पटकन फसवता येतं.

मध्यंतरी आमच्या बेसवाल्याचा भाचा आला. अकरावीत आहे, गिटार घ्यायची आहे, मामाने सांगितलं काकांना विचार. पोरगा मोबाइलवर सगळं वाचून आला होता, माझ्यापेक्षा जास्त मॉडेलं त्याला तोंडपाठ. ‘काका, तुम्ही यामाहाच घे म्हणणार ना?’ मी त्याला घेऊन इथल्याच एका दुकानात गेलो. दुकानदाराला सांगितलं, याच्या बजेटमधल्या चार-पाच काढा, आणि अ‍ॅम्प लावू नका. पोराला डोळे मिटायला सांगितले आणि एकेक हातात देत गेलो. त्यात पॅसिफिका होती, मी ती मुद्दाम दुसरी दिली, पहिली नाही आणि शेवटची नाही.

त्याने निवडली ती पावणेपंचवीस इंचवाली. हात लहान आहे त्याचा, बोटं आखूड. पहिल्या फ्रेटवरचा बार कॉर्ड त्याला तिच्यावर नीट लागत होता आणि पॅसिफिकावर ओढून धरावा लागत होता. डोळे उघडल्यावर माझ्याकडे ओशाळून बघायला लागला. मी भाव करायला बसलो. बॅग आणि पट्टा फुकट पाडून घेतला, तारांचा एक सेट मात्र दुकानदाराने काही सोडला नाही.

रविवारी तो ती घेऊन येणार आहे. दुकानातून आलेली गिटार सरळ कधीच नसते, नेक बघावा लागेल, ब्रिज थोडा खाली घ्यावा लागेल. नऊ नंबरच्या तारा येताना घेऊन ये, असं सांगितलं आहे, आणि अकराच्या आत ये. नंतर माझी तालीम आहे.